मेलेल्या हाताचं माप

१

'चोळीच्या खणाला गं रेशमाचे काठ,
भावानं दिली चोळी, मोडली रानाची वाट.'

आई ही ओवी म्हणायची तेव्हा मी पाच वर्षांची असेन. समोर मेहरुनमावशी तिचा हात मांडीवर घेऊन बांगड्या भरत असायची. बांगडी सांध्यापाशी अडली की आईचा आवाज अडायचा. बांगडी मनगटावर उतरली की आवाजही पुढे वाहायचा. मला वाटायचं, गाण्यातली वाट म्हणजे पायवाट. मोडली तर पुन्हा चालून पाडायची, त्यात रडायचं काय?

त्या मंगळवारी सांगलीच्या दवाखान्यात मी वॉर्डातल्या बाईला सलाईन लावत होते, तेव्हा मेहरुनमावशीचा फोन आला. "क्रांती, ये बाळ," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

मलकापूरच्या पुढे, नदीच्या अंगाला माझं आजोळ. पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावरून कलत होतं. धाकट्या मामांचा, लालासाहेबांचा, उसाचा फड जळून काळाठिक्कर पडला होता. पाचट जाळून मग ऊस तोडायचा, म्हणून सकाळी दहाला फड पेटवलेला. तोडकरी कोयते घेऊन आत शिरले आणि चौथ्या सरीत थांबले. हवेत काकवी करपल्यासारखा गोड वास होता. त्या गोड वासात माझी आई पालथी पडली होती.

पाठ उरली नव्हती. चेहरा उरला नव्हता. डावा हात बाजूला फेकलेला, त्याचा पंजा कोळसा झालेला. उजवा तेवढा छातीखाली दबून वाचलेला. दोन्ही मनगटांवर मात्र बांगड्या होत्या. डावीकडच्या काजळलेल्या, उजवीकडच्या अजून हिरव्या.

बांधावर थोरले मामा, सुभेदार दादासो, डोकं धरून बसले होते. तळहाताला फडकं बांधलेलं. मला बघून ते उठले, मला छातीशी धरून हुंदके द्यायला लागले. लालासाहेबमामा लांब उभे होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात काड्यापेटी तशीच होती.

"ओळख कोण पटवणार?" वीरधवल फौजदारांनी विचारलं.

मेहरुनमावशी पुढे झाली. गेले चार दिवस आई तिच्याकडेच उतरली होती. भावांची दारं तिला बंद होती. मावशी राखेत गुडघे टेकून बसली. उजव्या हाताची वाकडी करंगळी तिनं दोन बोटांत धरली. लहानपणी ऊस सोलताना कोयता लागून ती वाकलेली.

"हात बनूचाच हाय, सायब."

"आणि बांगड्या?"

मावशीनं मनगटावरच्या बांगड्या बोटानं वर सरकवून बघितल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाली,

"बांगड्या माज्या दुकानच्या हायत."

२

"अर्धंच बोलले मी," घरी आल्यावर मावशीनं दाराला कडी लावली. "माज्या दुकानच्या हायत. पर म्या तिला भरल्या त्या न्हवंत."

"म्हणजे?"

बाबा गेल्यापासून नऊ वर्षं आईचे हात उघडे होते. गावानं गेल्या साली ठराव केला, की नवरा मेला तरी बाईनं बांगड्या फोडायच्या नाहीत. त्या ठरावाचा पहिला फायदा आईनं घेतला. रविवारी मावशीकडून हात भरून घेतले आणि तशीच चावडीत गेली. सगळं गाव बघत राहिलं. विधवा हिरव्या हातांनी बापाच्या रानातला तिसरा हिस्सा मागत होती.

त्याच चावडीत लालासाहेबमामांनी तिच्या कानफडात मारली होती. ती पडली तर वरून लाथ घातली होती. "बारा वर्सांमागं हक्क सोडलास, अंगठा दिलास, अन् आता परत मागतीस?" आईचं एकच म्हणणं, "म्या कवाच अंगठा दिला न्हाई रं." कागद होता, त्यावर कचेरीचा शिक्का होता, डाव्या अंगठ्याचा ठसा होता, एक अंधुक फोटोही होता. पदर पुढे ओढलेली बाई, चेहरा थेट आईचा. शुक्रवारी कोर्टात आईचा अंगठा घेऊन ठसे ताडून बघणार होते. मंगळवारी तो अंगठा जळला.

"तुज्या आईचा हात सव्वादोनचा," मावशीनं पेटी उघडली. "पाण्याचा हात लावून, बोटं दाबून भराव्या लागत्यात. घट्ट बसल्या की मनगटावर हलत न्हाईत. आन् आज बघितलंस? सैल. कोपरापतुर जातील अशा. अडीचचं माप हाय ते."

"मग तिच्या कुठं गेल्या?"

"फुटल्या. झटापटीत फुटल्या आसनार. कुणीतरी तिला मारली, काकणं फुटली. सगळ्या गावानं तिचं भरलेलं हात बघितलेलं. उघडं मनगट घिऊन ती सापडली आसती तर पयला सवाल त्योच झाला आसता. म्हणून मेल्यावर दुसरी चढवली." मावशी बोटांवर मोजायला लागली. "अजून एक. आमी अकरा भरतो. उजव्यात पाच, डाव्यात सहा. जास्तीचं काकण डाव्या हाताला, ही रीत लहान पोरीला बी ठावी आसती. तिच्या उजव्यात सहा हुती."

"म्हणजे भरणारी बाई नव्हती."

"बाई न्हवती. बाप्या हुता. पर काकणं कुण्या बाईच्या फडताळातनं आली. अडीच मापाची." मावशीनं माझ्याकडे बघितलं. "तिच्या दोन भावांच्या घरांत अडीचचा हात एकीचाच हाय. पूजाचा. लालासाहेबाच्या बायकूचा."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लालासाहेबमामांच्या दारात गेलो. पूजामामी बाहेर आल्या आणि मी पायरीवरच थबकले. क्षणभर आईच उंबऱ्यात उभी होती. पूजामामी आईच्या मामाची लेक. घरातलीच मुलगी घरात दिलेली. तेच कपाळ, तीच हनुवटी. आई तिला लहानपणी कडेवर घ्यायची.

"या," म्हणाल्या, आणि आमच्या नजरेला नजर न देता आत वळल्या.

मामा ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"कशाला आलीस?" ते उसळले. "मामानं आईला जाळली म्हणायला? म्हण की! सगळं गाव म्हणतंय, तू बी म्हण!"

"तुमीच पेटवलाव न्हवं फड?" मावशी शांतपणे म्हणाली.

मामांनी समोरची पाण्याची कळशी लाथेनं उडवली. कळशी माझ्या नडगीवर बसली. "व्हय! म्याच पेटवला! तोडकऱ्यांची पाळी हुती, आठ दिसांमागं ठरलेली. काडी म्या वढली!" आणि एकाएकी त्यांचा आवाज फाटला. ते स्वतःच्याच थोबाडात मारायला लागले, एक, दोन, तीन, ओठ फुटून रक्त येईपर्यंत. "ती आत हुती आन् म्या बांधावर उभा ऱ्हाऊन जाळ बघत हुतो. वारं चांगलं हाय म्हणलो. आसं म्हणलो मी, वारं चांगलं हाय!"

पूजामामींनी त्यांचे हात धरले. मावशीनं पूजामामींचा हात हलकेच आपल्याकडे ओढून बघितला. मनगटात धातूच्या दोन बांगड्या.

"काच न्हाई घालत?"

"चार वर्सं झाली. गोठ्यात सारख्या फुटायच्या. काच घरातच न्हाई ठेवली."

"लालासाहेब," मावशी वळली, "कागद केला तवा बनूसंगं कचेरीत तुमी हुता?"

"न्हाई. दादानं नेली तिला. म्या शिरवळला हुतो, ट्रॅक्टरच्या कामाला. सांजच्याला दादा म्हणला, आक्कानं आनंदानं दिला अंगठा. साडीचोळी घिऊन गेली." ओठावरचं रक्त त्यांनी बाहीनं पुसलं. "आनंदानं दिला, मग बारा वर्सांनी खोटं का बोलली? त्याचा राग हुता मला. रानाचा न्हवं."

पूजामामींच्या हातातलं, रक्त पुसायला घेतलेलं फडकं खाली पडलं. त्या उचलायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

तेवढ्यात अंगणात पोलिसांची गाडी थांबली. "लालासाहेब, चला," फौजदार म्हणाले. "फड तुमचा, काडी तुमची, आणि मारहाण गावानं बघितलेली."

मामा निमूट उठले. गाडीत चढताना मावशीला म्हणाले, "मला फासावर द्या. पर ती आत कशी गेली तेवढं शोधा."

४

सबंध दुपार मावशी पेटी घेऊन बसली. पेटीतल्या बांगड्या काढायची, उन्हात धरायची, परत ठेवायची. मी एकदा विचारलं, "मावशी, तू एवढी का तळमळतेस?" तर म्हणाली, "आमच्यात बापाच्या मागं पोरीला पोराच्या निम्मं. तेवढं बी माज्या भावाला, सिकंदरभाईला, माफ केलं म्या, माज्या तोंडानं. तवा तुजी आई म्हणलेली, मेहरून, माफ चुकीला करत्यात, हक्काला न्हाई."

आणि मग हातातली बांगडी तशीच धरून ती ताठ झाली.

"बुंदकी," ती म्हणाली. "क्रांती, तिच्या उजव्या हातातल्या काकणांवर सोनेरी बुंदकी हुती. ह्यो माल यायचा बंद हून आठ वर्सं झाली. शेवटचे दोन डझन म्या कुणाला दिले ते मला ठावं हाय. आन् अडीचचं माप का दिलं, ते बी."

"कुणाला?"

तिनं पेटीचं झाकण लावलं. फौजदारांना फोन लावला.

थोरल्या मामांच्या सोप्यात आम्ही बसलो, तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. भिंतीवर मामांचा गणवेशातला फोटो, शेजारी थोरल्या मामींचा हार घातलेला. फौजदार ओट्यावर जबाबाचे कागद घेऊन बसले.

मामांनी स्वतः चहा केला. डाव्या हातानं कप दिला.

"पोरी, बनूला म्या शब्द दिलता, तुज्या हिश्श्याचं बघतो म्हणून," ते म्हणाले. आवाज मऊ, दुधावरच्या सायीसारखा. "त्या लाल्यानं घात केला. आता तू भांडत बसू नगंस. तेराव्याला ये, मामाची साडीचोळी घे, एका कागदावर सही कर आन् मोकळी हो. माहेर तुला तुटायचं न्हाई."

"मामा, हाताला काय झालं?"

"उसाचं पातं लागलं."

"बघू. फडकं मळलंय." मी जवळ गेले. नर्सला कोण नाही म्हणतं? त्यांनी हात पुढे केला. उसाच्या पात्यानं ओरखडा येतो, लांब, केसासारखा. ही जखम खोल होती, गोलसर, आणि कडेनं सुजलेली. मी पर्समधला चिमटा काढला.

मावशी मामींच्या फोटोकडे बघत होती. "वैनी अहेव गेल्या. नशीबवान. याद हाय का सुभेदार, मला बोलावलं हुतं तुमी. सरणावर ठेवायच्या आदी हिरवा चुडा भरायला."

"याद हाय."

"वैनीचा हात बी सव्वादोनचा. पर मेलेला हात ताठतो, बोटं दबत न्हाईत. म्हणून मेलेल्या हाताला म्या माप मोठं घेती. अडीचचे दोन डझन आणले, अकरा भरले. ऱ्हायलेले तुमी परत द्यायला लागला, तर म्या म्हणलं, मयताच्या डझनातलं काकण आमी माघारी घेत न्हाई. कुठं ठेवलेत ते?"

मामांचा हात माझ्या हातात होता. तो दगडासारखा कठीण झाला.

त्याच क्षणी चिमट्याच्या टोकाला काहीतरी लागलं. मी ओढलं. रक्ताबरोबर काच बाहेर आली, नखाएवढी, हिरवी, बांगडीच्या बाकाची. तिच्यावर बुंदकी नव्हती.

"ही आजच्या मालातली," मावशी म्हणाली. "रविवारी म्या बनूला भरलेली."

मामांनी त्याच रक्ताळलेल्या हातानं माझा गळा धरला. मला भिंतीवर आपटलं, फोटो खाली येऊन फुटला. अंगठा माझ्या नरड्यावर रुतला आणि मला कळलं, आईनं शेवटी काय बघितलं असेल. हाच चेहरा, प्रेमळ, घामेजलेला, अगदी जवळ. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. मग मावशीची लाकडी पेटी त्यांच्या कानशिलावर बसली. शंभर बांगड्या फुटल्याचा आवाज झाला. फौजदारांनी त्यांना पालथं पाडून गुडघा पाठीवर दिला, तरी ते काचांवर तोंड घासत ओरडत होते,

"चहा पाजला तिला! पाया पडलो! म्हणलं, बनू, शुक्कारी अंगठा देऊ नगं, माजी इज्जत जाईल! म्हणली, चोळी नगं दादा, रान दे. पुन्ना पुन्ना तेच, रान दे, रान दे!"

हिश्श्याचं बोलायला म्हणून घरी बोलावून, सकाळी सातला त्यांनी तिचा गळा आवळला होता. तिनं हात झाडले, भिंतीवर बांगड्या फुटल्या, एक तुकडा त्यांच्या तळहातात शिरला. मग मामींच्या फडताळातला डबा काढून, सैल चुडा चढवून, परसातून शंभर पावलांवरच्या फडात तिला नेऊन टाकलं. दहाला भाऊ काडी ओढणार, हे त्यांना ठाऊक होतं.

५

लालासाहेबमामा सुटले. थोरले मामा कोठडीत गेले. खून त्यांनी कबूल केला, पण कागदाचं विचारलं की एकच वाक्य, "अंगठा बनूचाच हाय."

"सुभेदारांची मेख कळली का?" आईच्या दाव्याच्या वकीलबाई मला म्हणाल्या. "तुझ्या आईचा डावा पंजा जळला. ताडून बघायला ठसाच नाही. आधारचे ठसे कोर्टालाही मिळत नाहीत. खून सिद्ध होईल, पण त्यानं हक्कसोडीचा कागद खोटा ठरत नाही. कागदावरची बाई तुझी आई नव्हती, हे कुणीतरी सांगायला हवं."

"म्हणजे आई मेली, आणि कागद जिवंत?"

त्यांनी फायलीतला तो फोटोचा कागद माझ्यापुढे ठेवला.

शुक्रवारी कोर्टात मी मावशीला घेऊन गेले. माझ्या गळ्यावर बोटांचे निळे वळ होते. लालासाहेबमामा पूजामामींसह समोर बसले होते. तारीख होती, पुकारा झाला. मामा उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सायब, माज्या भावानं बहीण मारली. ते पाप हायच. पर कागद खरा हाय. मी खोट्या कागदावरचं रान बारा वर्सं कसलं न्हाई."

ते खरं समजून बोलत होते. म्हणूनच ऐकवेना.

मी पूजामामींकडे बघितलं. त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या. मावशी बाकावरून उठली, त्यांच्याजवळ जाऊन बसली. बांगड्या भरताना घ्यावा तसा त्यांचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला.

कागदावरचा तो चेहरा मला अचानक नीट दिसला. तेच कपाळ, तीच हनुवटी.

"मामी," मी म्हणाले. "आई तुम्हाला कडेवर घेऊन त्याच रानात हिंडायची."

"गप्प बस गं," लालासाहेबमामा वळले. "तिचा काय संबंध?"

पूजामामी उठल्या. मामांनी त्यांचा दंड धरला, त्यांनी तो सोडवला. हळूच, पण सोडवला. डोक्यावरचा पदर पहिल्यांदा मागे गेला आणि सगळ्या कोर्टाला त्यांचा उघडा चेहरा दिसला.

"पूजा, बस खाली. तुजं बी रान जाईल, येडे!"

"जाऊ द्या." त्या न्यायाधीशांकडे बघत होत्या. "थोरलं भावजी म्हणलं, वन्संनी व्हय म्हणलंय, त्यांचा मालक दवाखान्यात हाय, त्यांस्नी यायला जमत न्हाई, तू नुसती कचेरीत त्यांच्या जागी उभी ऱ्हा. मी नवी हुते, भ्याले. मग कळलं, वन्संना काईच ठावं न्हवतं. ह्या रविवारी चावडीत त्या मार खात हुत्या, आन् मी शेजारीच घरात भाकरीचं पीठ मळत ऐकत हुते. तवा बोलले आसते तर त्या जित्या ऱ्हायल्या आसत्या."

लालासाहेबमामा मटकन खाली बसले.

पूजामामींनी डावा हात पुढे केला, बोटं मिटली, अंगठा तेवढा वर ठेवला.

"त्यो अंगठा माजा हाय, सायब."